बोनाफाईड कोणाला म्हणावे?

जून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत किंवा औंढा नागनाथ यांपैकी कोणत्याही गावच्या शाळेच्या कार्यालयात घटकाभर जाऊन बसावे. लिपिकाच्या टेबलापुढे जी गर्दी जमलेली असते, तिच्या तोंडी एकच शब्द असतो : ‘बोनाफाईड पाहिजे.’ कोणाला तो एस.टी.च्या पासासाठी हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडावयाचा असतो, कोणाला वसतिगृहाच्या प्रवेशासाठी लागतो. एखादा म्हातारा बाप नातवाच्या बँकखात्यासाठी तो मागत उभा असतो. या शब्दाचा अर्थ काय, असे त्या गर्दीतील कोणालाही विचारावे. ‘दाखला’ असे उत्तर मिळेल. फार तर कोणी ‘शाळेचा दाखला’ असे म्हणेल. उत्तर व्यवहारापुरते बरोबर आहे. परंतु ज्या शब्दाचा उच्चार आपल्या मुलखात दरसाल लक्षावधी वेळा होतो, तो मुळात दाखलाही नव्हे आणि शाळेचाही नव्हे. ते इंग्रजी कायद्याच्या भाषेतील एक भारदस्त विशेषण आहे, आणि त्याचा संबंध कागदाशी नसून मनाशी आहे, ही गोष्ट शिक्षकांनी व लिपिकांनी तरी ध्यानात घ्यावी असे वाटते. कारण त्या विशेषणाखाली सही त्यांची असते.

विशेषणाचे नाम होणे ही मराठीला नवी गोष्ट नाही. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ म्हणताना आपण शहाणा माणूस कोण ते सांगत बसत नाही. हा मजकूर जेथे छापला जात आहे ते ‘दैनिक’ही मुळात विशेषणच, वृत्तपत्र हा शब्द मागे गळून पडला आणि विशेषण एकटे उभे राहिले. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत तर आपण हा प्रयोग सर्रास करतो. मास्तर ‘कॅज्युअल’ टाकतात, कारकून ‘मेडिकल’वर जातो, परीक्षेला ‘एक्स्टर्नल’ येतो, मुलगा ‘ज्युनियर’ला शिकतो. रजा, परीक्षक, महाविद्यालय ही नामे कोणालाच आठवत नाहीत. तसेच ‘बोनाफाईड सर्टिफिकेट’ यातील सर्टिफिकेट गेले, आणि उरलेल्या विशेषणाला आपण नपुंसकलिंग बहाल करून ‘ते बोनाफाईड’ केले. त्याचे ‘बोनाफाईट’ही होते, ‘बोनोफाईड’ही होते. यात हसण्यासारखे काही नाही. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनीही या शब्दाचे असेच केले होते. आयर्लंडमध्ये रविवारी व रात्री उशिरा मद्यगृहे बंद ठेवण्याचा कायदा होता, मात्र घरापासून ठराविक मैल दूर आलेल्या ‘बोनाफाईड’ प्रवाशाला, म्हणजे खऱ्याखुऱ्या वाटसरूला, पेय देण्याची मुभा होती. साहजिकच डब्लिनचे तहानलेले लोक शहराबाहेर तेवढे मैल जाऊन वाटसरू बनत. अशा गावाबाहेरच्या गुत्त्यांनाच लोक ‘बोनाफाईड’ म्हणू लागले. ही सवलत १९६० च्या कायद्याने संपली. तेथे त्या शब्दाचा अर्थ गुत्ता झाला, येथे दाखला झाला. त्यातल्या त्यात आपले बरे.

मूळ शब्द लॅटिन भाषेतला. ‘बोना’ म्हणजे चांगली, ‘फिदेस’ म्हणजे निष्ठा, विश्वास, दिलेल्या शब्दाला जागण्याची वृत्ती. ‘बोना फिदे’ ही त्याची विभक्ती, अर्थ, ‘सद्भावाने’. म्हणजे प्रारंभी ते विशेषणही नव्हते, क्रियाविशेषण होते : अमुक माणूस सद्भावाने वागला, त्याने सद्भावाने जमीन घेतली. सोळाव्या शतकात ते इंग्रजी कायद्यात शिरले आणि पुढे नामाच्या मागे बसून विशेषण बनले. इंग्रजीत ते दोन शब्दांत लिहितात. आपण भारतीयांनी त्यांचा एक करून टाकला. ‘बोना फायडीज’ असे याच घराण्यातले एक नामही इंग्रजीत आहे. एखाद्याच्या हेतूच्या खरेपणाविषयी बोलताना ते वापरतात. शेवटचा ‘ज’ पाहून पुष्कळजण त्याला अनेकवचन समजतात. मुळात ते एकवचन आहे.

रोमन लोकांनी या ‘फिदेस’ला देवता मानून कॅपिटोलाइन टेकडीवर तिचे मंदिर बांधले होते. पण देवळापेक्षा न्यायालयात तिचा अधिकार मोठा होता. ज्या दाव्यांत ‘सद्भावानुसार’ निर्णय द्यावा असे शब्द असत, त्यांत न्यायाधीशाला केवळ कराराची अक्षरे न पाहता दोन्ही पक्षांचे वर्तनही पाहावे लागे. या शब्दांचे वजन फार मोठे आहे असे स्कीवोला नावाचा धर्माधिकारी म्हणत असे, असे सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात नमूद केले आहे. त्याच ग्रंथात त्याने एक गोष्ट सांगितली आहे. ती वाचताना आपल्याकडील प्लॉटविक्रीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कॅनियस नावाचा एक रोमन सरदार सिराक्यूज येथे विश्रांतीसाठी गेला असता त्याला एखादी लहानशी बाग विकत घ्यावीशी वाटली. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवावयास बोलाविले आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवले की, उद्या सर्वांनी माझ्या बागेसमोरच मासे धरावेत. पाहुणा येऊन पाहतो तो समोर होड्यांची दाटी, आणि प्रत्येक कोळी पकडलेले मासे आणून सावकाराच्या पायाशी टाकतो आहे. गावातले सगळे मासे येथेच मिळतात, असे सावकाराने सांगितले. सरदाराने तोंडाला येईल ती किंमत कबूल करून बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला तर पाण्यात एक वल्हेही दिसेना. शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांना सुट्टी आहे काय? शेजारी म्हणाला, येथे कोणी मासे धरीतच नाही. काल काय झाले याचेच मला नवल वाटले होते. या व्यवहारात खोटा कागद एकही नव्हता. खरेदी, किंमत, नोंद, सर्व यथास्थित. नव्हता तो फक्त सद्भाव. ‘बोनाफाईड’ या विशेषणाचे सारे सामर्थ्य आणि सारी अडचण या एका गोष्टीत सापडते : कागद खरा असूनही व्यवहार खोटा असू शकतो.

आपल्या कायद्यांतही हे विशेषण याच अर्थाने वावरते. घरमालकाला भाडेकरूकडून जागा परत हवी असेल तर ती त्याला वाजवी रीतीने व ‘बोनाफाईड’ लागत असली पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो. नुसती इच्छा पुरत नाही, गरज खरी असावी लागते. दोष असलेल्या मालकीहक्काची जमीन ज्याने सद्भावाने घेतली व तिच्यात सुधारणा केली, त्याला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम काही संरक्षण देतो. म्हणून इंग्रजीत हे विशेषण टेबलाला किंवा झाडाला लागत नाही. जेथे सोंग घेतले जाण्याची शक्यता आहे तेथेच ते लागते. खरेदीदार, प्रवासी, रहिवासी, विद्यार्थी : यांपैकी प्रत्येकाला काही सवलत मिळते, आणि सवलत मिळते म्हणून सोंग घेणारेही निपजतात. सवलतीमागून संशय यावा आणि संशयामागून विशेषण यावे, असा हा क्रम आहे.

हिंगोलीच्या मुलखाला हा क्रम इंग्रजीच्या आधीपासून परिचित आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने शास्त्राचे व कायद्याचे ग्रंथ उर्दूत आणण्याचे प्रचंड काम केले. त्या भाषेत सद्भावाला ‘नेकनीयती’ म्हणतात आणि प्रमाणपत्राला दख्खनी उर्दूत ‘सदाकतनामा’. सदाकत म्हणजे सत्य. सत्याचे पत्र! शब्द म्हणून तो आपल्या ‘दाखल्या’पेक्षा आणि इंग्रजीच्या उसनवारीपेक्षा निश्चितच सरस. त्याच संस्थानात नोकरीसाठी ‘मुल्की’ असल्याचे सिद्ध करावे लागे. १९१९ च्या मुल्की नियमांनुसार बाहेरून आलेल्या माणसाने पंधरा वर्षे वास्तव्य केलेले असावे, इतकेच नव्हे, तर मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे, अशी अट होती. म्हणजे वर्षे मोजता येतात, पण राहण्याचा हेतू मोजता येत नाही, हे त्या नियमकर्त्यांनाही कळत होते. आज महाराष्ट्रात अधिवासासाठी पंधरा वर्षांचाच पुरावा मागितला जातो, आणि त्यालाही आपण ‘डोमिसाईल’ असेच म्हणतो.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि त्यानंतर राजभाषा अधिनियम, भाषा संचालनालयाचे कोश अशी मराठीकरणाची भरीव कामे झाली. त्या कोशांची टिंगल करण्याची एक पद्धत पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकाला ती मान्य नाही. ‘पदसिद्ध’, ‘अभियंता’ यांसारखे शब्द आज ज्या सहजतेने आपण वापरतो ती त्याच कामाची पुण्याई होय. कायद्याच्या मराठी पाठांत ‘गुड फेथ’साठी ‘सद्भाव’ व ‘सद्भावपूर्वक’ हे शब्द स्थिर झाले आहेत आणि ते उत्तम आहेत. पण शाळेच्या दाखल्यात ‘सद्भावी विद्यार्थी’ असे लिहिता येईल काय? वाचणाऱ्याला वाटेल, मुलगा स्वभावाने गरीब आहे. ‘प्रामाणिक विद्यार्थी’ म्हटले तर त्याने परीक्षेत नक्कल केली नाही असा अर्थ होतो. ‘खराखुरा विद्यार्थी’ म्हणावे तर मग खोटाखोटा कोणता, असा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ शाळांनी ‘नियमित विद्यार्थी’ असा शब्दप्रयोग केला आहे. वरवर पाहता तो निर्दोष दिसतो. माझ्या मते सर्वांत सदोष तोच आहे, कारण नियमितपणा आणि खरेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. का ते पुढे सांगतो.

त्याआधी मुख्याध्यापकांच्या सहीविषयी. सद्भावाची व्याख्या आपल्या कायद्यात एक नाही, दोन आहेत. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणतो की, जे कृत्य वस्तुतः प्रामाणिकपणे केले ते सद्भावाने केले असे समजावे, मग त्यात निष्काळजीपणा झालेला असो वा नसो. याउलट १८६० च्या दंडसंहितेच्या ५२ व्या कलमात म्हटले होते की, योग्य ती काळजी व लक्ष दिल्याखेरीज केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हीच दुसरी व्याख्या पुढे चालविली आहे. आता कल्पना करा. शिपायाने कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा पुढे ठेवला, मुख्याध्यापकांनी बोलता बोलता पन्नास सह्या केल्या, आणि पुढे लिपिकाने नावे भरली. त्यातील एक नाव शाळेत नसलेल्या मुलाचे निघाले. मुख्याध्यापकांचा हेतू स्वच्छ होता. त्यांना एक पैसाही मिळालेला नाही. पहिल्या व्याख्येने ते सद्भावी ठरतील, दुसरीने नाही. खोटे प्रमाणपत्र जाणूनबुजून देणे हा तर दंडसंहितेत स्वतंत्र अपराधच होता व आजही आहे. प्रश्न जाणूनबुजून देणाऱ्याचा नाही. न बघता देणाऱ्याचा आहे, आणि शाळांच्या कार्यालयांत दुसऱ्या प्रकारची माणसे अधिक असतात, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना सांगावयास नको. ज्या कागदावर दुसऱ्याच्या सद्भावाची ग्वाही द्यावयाची, तो कागद देताना देणाऱ्याचा सद्भाव आधी तपासला जातो.

सध्या ‘बोनाफाईड’चा विरुद्धार्थी शब्द मराठीत कोणता, असे विचाराल तर तो ‘मालाफाईड’ नव्हे, ‘बोगस’ होय. हाही परदेशीच. अमेरिकेत १८२७ च्या सुमारास खोटी नाणी पाडणाऱ्या यंत्राला हे नाव होते, असे कोशकार सांगतात. यंत्राचे नाव नाण्याला लागले, नाण्यावरून विशेषण झाले आणि आज बोगस डॉक्टर, बोगस बियाणे, बोगस मतदार असा त्याचा संसार आपल्या वृत्तपत्रांत सुखाने चालू आहे. म्हणजे एक विशेषण येता येता नाम झाले आणि दुसरे नाम येता येता विशेषण झाले! शाळांच्या बाबतीत या दोन शब्दांची गाठ २०११ साली पडली. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांचे पट प्रत्यक्ष वर्गात जाऊन तपासण्याची मोहीम काढली. पटावर नावे आहेत, मुले नाहीत, असा प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि सुमारे वीस लाख विद्यार्थी पटावर असून वर्गात आढळले नाहीत. तुकड्या, शिक्षकांची पदे, अनुदान, पोषण आहार, सगळे पटावर अवलंबून. सवलत, संशय आणि विशेषण हा वर सांगितलेला क्रम येथे पूर्ण झाला. ती पडताळणी आवश्यकच होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण एका गोष्टीकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. म्हणजे पडताळणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपली. हिंगोली, परभणी, बीड या जिल्ह्यांतील ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर हलू लागतात. कोयता घेऊन नवराबायको निघतात आणि धाकटी मुले बरोबर नेतात. गळीत हंगाम संपून ती परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. हीच मोजणी डिसेंबरात झाली असती तर ही सारी मुले गैरहजर दिसली असती आणि ‘पटावर आहे पण वर्गात नाही’ या एका वाक्यात, कागदी मुलाच्या शेजारी, हाडामांसाचे मूल बसले असते. तपासणाऱ्याच्या तक्त्यात या दोघांसाठी वेगळे रकाने नसतात.

‘नियमित विद्यार्थी’ या शब्दावर माझा आक्षेप आहे तो येथे. सेनगाव तालुक्यातील एखादी मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेत येते, बेरीज-वजाबाकी शिकते, आणि पुढचे पाच महिने कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. ती नियमित नाही, हे कबूल. पण ती बोनाफाईड नाही असे कोण म्हणेल? तिचे शाळेत येणे हे सोंग नव्हे. तिचे नाव पटावर कोणी पद टिकविण्यासाठी घातलेले नाही. तिच्या बाजूने सद्भाव पूर्ण आहे. उणीव असेल तर ती तिच्या पाठीमागे शाळा नेऊ न शकणाऱ्या व्यवस्थेची आहे. उलट शहरात शिकवणी वर्गात दिवस काढून, महाविद्यालयात केवळ नाव घालून, परीक्षेपुरता तोंड दाखविणारा अकरावी-बारावीचा विद्यार्थी हजेरीपत्रकावर नियमित दिसतो आणि त्याला दाखलाही तत्काळ मिळतो. या दोघांपैकी लॅटिन शब्दाच्या अर्थाला कोण अधिक उतरतो, ते वाचकांनीच ठरवावे.

कायदा याबाबतीत व्यवहाराहून उदार आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने पाचव्या कलमात मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. मुख्याध्यापकाने बदलीचा दाखला ताबडतोब द्यावा, आणि तो यावयास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवू वा नाकारू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे चौदावे कलम सांगते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड यांचीही योजना शासनाने केली. ते कार्ड पाहून कारखान्याच्या परिसरातील शाळेने मुलाला वर्गात बसवून घ्यावे, अशी त्यामागची कल्पना आहे. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात प्रथमच मुलाच्या खरेपणाचा आधार त्याचे एका जागी बसून राहणे हा नसून त्याचे शिकणे हा मानलेला आहे. ती सर्वत्र सारखी अमलात येत नाही, ही गोष्ट वेगळी. शासनाने २०१५ मध्ये साक्षांकित प्रतींचा आणि पुष्कळशा प्रतिज्ञापत्रांचा आग्रह सोडून नागरिकाच्या स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवावयाचे ठरविले, त्याच जातीचे हे पाऊल आहे. तेव्हाही अनेक कार्यालयांत जुनी ‘ट्रू कॉपी’ची मागणी पुढे कितीतरी दिवस चालूच राहिली. संशयाची सवय परिपत्रकाने जात नाही.

तेव्हा शब्दाचे काय करावे? ‘बोनाफाईड’ हा शब्द लोकांच्या तोंडून काढून टाकावा, असे मला मुळीच वाटत नाही. तो आता टेबल आणि पेन्सिल यांच्या पंगतीला बसला आहे. गावोगावच्या आया तो उच्चारतात आणि त्यांचे काम होते. परंतु दाखल्याच्या आतील मजकूर मात्र सुधारता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज पुष्कळ ठिकाणी जो नमुना चालतो त्यात ‘हा/ही’ आणि ‘आहे/होता/होती’ यांतील नको ते खोडावयाचे राहूनच जाते. शिवाय मुलाची चालचलणूक ‘माझ्या माहितीप्रमाणे’ चांगली असल्याचा निर्वाळा असतो, तोही ज्या मुलाचा चेहरा सही करणाऱ्याने कधी पाहिलेला नाही त्याच्याविषयी. ही दोन्ही वाक्ये काढून टाकली तर कोणाचेच नुकसान होणार नाही. त्यांच्या जागी साधे मराठी वाक्य घालावे : ‘अमुक याचे नाव या शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीत अमुक क्रमांकावर अमुक तारखेपासून आहे, तो येथे प्रत्यक्ष शिकत आहे, आणि हे मी नोंदवही पाहून लिहीत आहे.’ यात विशेषण एकही नाही. पण ‘नोंदवही पाहून’ या दोन शब्दांत दंडसंहितेला अपेक्षित असलेली काळजी येते आणि ‘प्रत्यक्ष’ या एका शब्दात रोमन लोकांचा सद्भाव.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या दाखल्यात आणखी एक ओळ असावी. मूल कोणत्या तारखेला गावाहून गेले आणि कोणत्या जिल्ह्यात गेले, एवढेच तीत लिहावे, आणि शेवटी परत आल्याच्या तारखेसाठी कोरी जागा सोडावी. ती जागा एप्रिलमध्ये भरावयाची आहे, याची आठवण नोंदवहीच्या समासात शाईने करून ठेवणे लिपिकांना अवघड नाही.